चाकूचे फोटो काढायचेत: मोबाईल की स्कॅनर?

दोन्ही करून झालंय म्हणून आधीच सांगतो, काहीही विकत घ्यायच्या आधी चाकू टेबलावर आडवा ठेवा आणि खाली वाकून बघा, पातं टेबलापासून किती वर राहतंय. मूठ जाड असली की पातं अधांतरी राहतं, आणि स्कॅनरचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

कारण स्कॅनरमध्ये दोन जाती आहेत. प्रिंटरसोबत येतात ते बहुतेक सीआयएस सेन्सरवाले, काचेला टेकलेलं तेवढंच शार्प, जरा वर गेलं की धूसर. जाडजूड सीसीडीवाल्यांच्या आत आरसे आणि लेन्स असते, त्यामुळे काचेपासून थोडं वर असलेलंही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मी घडीचा चाकू उघडून सीआयएसवर ठेवला तर मूठ एकदम झकास, स्क्रूच्या खाचेतली धूळसुद्धा दिसतेय, आणि पातं मात्र चष्मा काढल्यावर दिसावं तसं! पातं मुठीच्या मधोमध बसलेलं, म्हणजे काचेपासून चार-पाच मिलिमीटर वर, मग दुसरं काय होणार.

पण मापाच्या बाबतीत स्कॅनरला तोड नाही. ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) एका मिलिमीटरमध्ये साधारण २४ पिक्सेल येतात, काचेला टेकलेली बाजू स्क्रीनवर थेट मोजून घ्या, मुठीच्या नवीन पट्ट्या कापायला त्याच आकाराची प्रिंट काढा. ए४ची काच २९७ मिलिमीटर लांब, लांब चाकू तिरका ठेवला की ३५ सेंटीमीटरच्या आसपासचाही बसतो. झाकण मात्र दाबू नका हं, उघडंच ठेवून वर काळं कापड टाका, आणि काचेवर आधी पारदर्शक प्लास्टिक शीट, नाहीतर टोकाने ओरखडा गेलाच म्हणून समजा.

आता चकाकीचं. आरशासारखं पॉलिश केलेलं पातं स्कॅनरमध्ये चक्क काळं येतं, कारण दिवा तिरका असतो आणि पातं तो उजेड सेन्सरकडे न पाठवता भलतीकडेच पाठवतं. ब्रश फिनिश किंवा अॅसिडने नक्षी उठवलेलं दमास्कस पोलाद असेल तर उलट मजा येते, चाकू ९० अंशात फिरवून परत स्कॅन करा, रेघा वेगळ्याच दिसतात.

मोबाईलला पातं वर राहून धूसर येण्याचा प्रॉब्लेम फारसा नाही, त्याचा प्रॉब्लेम म्हणजे तुम्ही स्वतः. माझ्या एका फोटोत पात्यावर माझ्याच शर्टाचे पट्टे आले होते, आणि ते पाठवून झाल्यावर लक्षात आलं 😅 चकाकतं पातं हा आरसाच, त्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. खिडकीला ट्रेसिंग पेपर लावा, पांढरा कागद असा धरा की पात्यात फक्त तोच दिसेल, कडा उठून याव्यात म्हणून एका बाजूला काळा पुठ्ठा. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलात तर मूठ फुगते आणि टोक बारीक होतं, त्यापेक्षा लांब उभं राहून २एक्स. टायमर लावा, हात हलतो. पोलरायझर फिल्टरवर मात्र पैसे घालवू नका, उघड्या धातूची चकाकी त्याने जवळजवळ जात नाही, मुठीच्या वार्निशची जाते.

पात्यावरचा शिक्का दाखवायचा असेल तर मोबाईलच, टॉर्च जवळजवळ पात्याला चिकटून आडवा धरायचा, पुसट अक्षरंही सावलीमुळे उठतात. धारेवरचे दाते पडलेले दाखवायलाही हीच ट्रिक.

म्हणजे विकायला फोटो हवेत, चाकू जाड किंवा चकचकीत आहे, तर मोबाईल आणि दोन कागद, बास. संग्रहाची नोंद ठेवायचीय, सगळे एकाच मापात हवेत, तर सीसीडी स्कॅनर, तोही वापरलेला मिळाला तरी चालेल, फक्त घ्यायच्या आधी काचेवर पट्टी ठेवून तिचं एक टोक नाण्यावर टेकवून स्कॅन करून बघा, आकडे कुठपर्यंत वाचता येतात ते लगेच कळेल. सीआयएस घरात असेलच तर चपटे, मूठ आणि पातं एकाच पट्टीचं असलेले चाकू त्यावर टाका, बाकीच्यांच्या नादी लागू नका.

आणि दोन्हीकडे आधी बोटांचे ठसे पुसा, पाठीकडून धारेकडे, उलट नाही.