बॉबिन लेसचं स्टार्टर किट: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. या किटमधल्या बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळायच्या लाकडी काड्या, आणि सोबतची पुस्तिका यांत पैसे वसूल होतात. टाचण्या पहिल्या पावसात बाद होतात. ज्यावर टाचण्या टोचून विणायचं ती उशी दोन-तीन कामांपुरती बरी, पुढे ती अडचणच. पाचपैकी तीन तारे. साडेतीन दिले असते, पण उशीची तक्रार केल्यावर विकणाऱ्याकडून एकच उत्तर आलं, वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही. वापरल्याशिवाय उशी खराब आहे हे कळणार कसं, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी किटं चार-पाच ठिकाणी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो.

खोक्यात काय येतं ते सांगते. साधारण चाळीस सेंटिमीटर व्यासाची गोल, चपटी फोमची उशी. २४ लाकडी बॉबिन, म्हणजे १२ जोड्या. टाचण्यांची डबी, पांढऱ्या सुती दोऱ्याची दोन रिळं, सहा खाके, म्हणजे नमुन्याच्या भोकांचे कागद, आणि रंगीत पुस्तिका. किंमत साडेचार हजारांच्या आसपास. बडोद्यात पार्सल वेळेवर आलं, काही मोडलेलं-तुटलेलं नव्हतं.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: यात विणायला सुई लागत नाही, हुक लागत नाही. क्रोशाशी याचा काही संबंध नाही. खाका उशीवर लावायचा, त्यावरच्या भोकांत एकेक टाचणी टोचत जायची आणि टाचण्यांच्या आधाराने दोरे एकमेकांवरून फिरवत विणायचं. प्रत्येक दोऱ्याचं टोक एका बॉबिनवर गुंडाळलेलं असतं आणि एका वेळी हातात फक्त चार बॉबिन असतात. हालचाली दोनच. डावीकडून मोजलं तर दुसरी बॉबिन तिसरीवरून नेली की झाला क्रॉस. दुसरी पहिलीवरून आणि चौथी तिसरीवरून नेली की झाला ट्विस्ट. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखा भरीव टाका येतो. क्रॉस-ट्विस्टवर थांबलं तर जाळीदार अर्धा टाका. सोळाव्या शतकात इटलीत आणि फ्लॅंडर्समध्ये ही कला रुजली, या लेसच्या नमुन्यांचं पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ सालीच छापलं गेलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत राजेरजवाड्यांच्या कॉलरींपासून माझ्या बुकमार्कपर्यंत सगळं या दोन हालचालींवरच चाललंय.

पुस्तिका चांगली का म्हणते, तर तिच्यातल्या आकृत्या बेल्जियन रंगपद्धतीच्या आहेत. जांभळी रेघ म्हणजे कापडी टाका, हिरवी म्हणजे अर्धा, लाल म्हणजे पुरा टाका, क्रॉस-ट्विस्ट दोनदा. शिवाय एक रेघ म्हणजे एक दोरा नव्हे, एक जोडी. हे एकदा डोक्यात बसलं की इंग्रजी मजकूर वाचायचीही गरज उरत नाही. आमच्या गटातल्या एका काकूंना इंग्रजीचा कंटाळा आहे, त्यांनी पहिला पंखा निव्वळ रंग बघून काढला. खाके बहुतेक टॉर्शन लेसचे आहेत. पंचेचाळीस अंशांच्या चौकटीवर बेतलेली ही भौमितिक लेस, नवशिक्यांना तीच द्यावी. त्यात जाळी, पंखा आणि कोळी असे तिन्ही नमुने येतात. कोळी विणताना पहिल्यांदा खरी मजा येते: दोन्ही बाजूंनी जोड्यांचे पाय पीळ देत मध्यावर आणायचे, सगळे एकमेकांतून पार करायचे, बरोब्बर मधोमध एक टाचणी, आणि तेच पाय उलट्या क्रमाने बाहेर. टाचणीखाली दोरे ओढून घेतले की अंग गोल होतं. ते गोल झालं नाही तर ओढ कमी पडली असं समजायचं.

दोन खाके मात्र वेगळे आहेत, स्लोव्हेनियातल्या इद्रिया गावच्या वळणाचे. तिथे १८७६ पासून लेसची शाळा आहे आणि २०१८ साली स्लोव्हेनियातली ही कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. मोजक्या जोड्यांची एक पट्टी नागमोडी फिरवत न्यायची आणि वळणावर ती स्वतःलाच जोडायची, असं ते काम. जोडायला अगदी बारीक हुक लागतो, आणि तो किटमध्ये नाही! पुस्तिकेत त्याचं चित्र आहे, खोक्यात वस्तू नाही. रावपुऱ्यात क्रोशाचा ०.६ मिलिमीटरचा हुक मिळाला, त्यावर भागलं.

आता उशी. फोम हलका असतो, टाचणी लोण्यात जावी तशी जाते, दुकानात बघताना हे सगळं छान वाटतं. पण लेसची सरळ कड नेहमी एकाच रेषेत येते. तीच पट्टी परत परत केली की त्या रेषेवरचा फोम चाळण होतो. मग टाचण्या उभ्या राहात नाहीत, दोरा ओढला की आत झुकतात आणि कड वाकडी येते. उशी फिरवून बघितली, खाका तिरका लावून बघितला, पण त्याने दिवस ढकलले गेले इतकंच. शेवटी मांडवीजवळच्या एका गादीवाल्याकडे गेले आणि जाड कापडाची गोल खोळ भुश्याने ठासून भरून घेतली. त्याने आधी कापसाचा आग्रह धरला. मी म्हटलं, भाऊ, यावर डोकं ठेवायचं नाहीये, टाचण्या टोचायच्या आहेत. मग त्याने मोगरीने ठोकून ठोकून असा काही भुसा भरला की आता ती उशी एका हाताने उचलत नाही. तोच तिचा गुण: दोरा ओढताना जागची हलत नाही. टाचणी काढली की भोकही बुजतं. युरोपातल्या जुन्या उश्या पेंढ्याने ठासलेल्या असत, त्यामागचं कारण हेच असणार.

टाचण्यांबद्दल मोठ्यांदा सांगायला हवं, कारण पुस्तिका यावर गप्प आहे. किटमधल्या टाचण्या चकचकीत असतात, पण तो नुसता मुलामा. जुलैत विश्वामित्री नदी चढली आणि आठवडाभर घरातला दमटपणा हटेना, तेव्हा उशीवर अर्धवट राहिलेल्या रुमालाच्या कडेला प्रत्येक टाचणीपाशी तपकिरी ठिपका उमटला. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं, डाग निम्मे गेले, निम्मे राहिले. बडोदा, सुरत, मुंबई-कोकणातल्या कोणीही या टाचण्या वापरू नयेत. पितळी किंवा चांगल्या स्टेनलेसच्या बारीक टाचण्या वेगळ्या मागवाव्या. पितळेच्या जरा लवकर वाकतात, पण गंजत नाहीत. त्याही महिनोन्महिने तशाच टोचून ठेवल्या तर हिरवट होतात, म्हणून काम लांबणार असेल तर मागच्या ओळींतल्या काढत जायच्या.

दोऱ्याचं फार कौतुक नाही. किटमधला संपला की आपल्याकडे मिळणारा चाळीस नंबरचा क्रोशाचा सुती दोरा चालतो, फक्त खाका त्या जाडीच्या मानाने झेरॉक्सवर थोडा लहान-मोठा करून घ्यावा. मे महिन्यात घामट हातांनी पांढरा दोरा धरू नये, एवढं सांगून पुढे जाते.

बॉबिन मात्र मनापासून आवडल्या. युरोपी पद्धतीच्या, खाली फुगीर, वर बारीक मान. इंग्लंडच्या मिडलॅंड्स भागातल्या बॉबिनना खाली मण्यांची तार असते, त्यामुळे वजनही येतं आणि त्या घरंगळत नाहीत. या गोल असल्यामुळे चपट्या उशीवर घरंगळतात, पण सवयीने ते जमतं. खरी अडचण संख्येची. बुकमार्कला आणि साध्या कडेला १२ जोड्या पुरतात, रुंद पंख्याची किनार घेतली की अपुऱ्या. वेगळ्या मागवायच्या तर जोडीमागे जी किंमत सांगतात ती ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, एवढ्यात तर संखेड्याचा झोपाळा येईल.

तिथूनच विचार निघाला. बडोद्यापासून तास-दीड तासावर संखेडा, पिढ्यान्‌पिढ्या लाकूड कातणाऱ्या खराद्यांचं गाव, आणि बॉबिन म्हणजे तरी काय, कातलेलं लाकूडच. नमुन्याची एक बॉबिन घेऊन आम्ही तिघी गेलो. खराद्याने ती बोटांत फिरवून बघितली आणि हसून म्हणाला, ‘बेन, आ तो वेलणनुं बच्चुं छे.’ म्हणजे, हे तर लाटण्याचं पिल्लू. झोपाळ्याचे खांब कातणाऱ्याला चार इंची काडी कातायला सांगतोय म्हणून आम्हीच संकोचलो होतो, पण त्याने लगेच तुकडा चढवला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची. लाल-सोनेरी बॉबिन इतक्या देखण्या झाल्या की घरी येईपर्यंत कोणी हातातून सोडेना. उशीवर घेतल्या तर मानेवरची गाठ सुटून दोरा सरसर उलगडायला लागला. लाखेची मान फार गुळगुळीत. दुसऱ्या खेपेला मान कोरी ठेवायला सांगितली, अंग तेवढं रंगवलेलं, आणि सगळ्या एकाच लाकडाच्या, म्हणजे वजनात फरक नको. आता माझ्याकडे किटच्या बॉबिन एका बाजूला आणि संखेड्याच्या दुसऱ्या बाजूला आहेत, आणि हात आपोआप संखेड्याच्यांकडे जातो.

हे किट घेऊन एकटीने शिकता येतं का? टाके येतात. चूक शोधता येत नाही. कुठल्या ओळीत एक ट्विस्ट राहिला हे स्वतःला दिसत नाही, शेजारी बसलेलीला लगेच दिसतं. म्हणून शनिवारी दुपारी दांडिया बाजारात काकूंकडे आम्ही पाच-सहाजणी आपापल्या उश्या घेऊन जमतो. काकूंनी त्या दिवशी झोपाळ्यावर कोणी बसायचं नाही असा नियम केलाय, झोका लागला की टाचण्या सांडतात. चुकलेलं उसवायचं की नाही यावर दर वेळी वाद होतो. वहिनींचं म्हणणं, लांबून कोणाला दिसतंय? अक्का काही बोलत नाहीत, सरळ तुमच्या हातातल्या बॉबिन घेऊन उलट्या चालवायला लागतात.

अक्का कन्याकुमारी जिल्ह्यातल्या. यजमान इथे नोकरीला होते म्हणून बडोद्याच्या झाल्या. त्यांनी ही लेस लहानपणी मुळगुमूडूच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकली, किट-बिट नव्हतं. नागरकोइलला १८२०च्या सुमारास मिशनरी मॉल्टबाईंनी ही कला सुरू केली आणि त्या पट्ट्यात ती टिकली. आपल्याकडे लेस म्हटलं की आंध्रातलं नरसापूर आठवतं, पण ती क्रोशाची. अक्कांची उशी म्हणजे चक्क लोड, मांडीसमोर आडवा ठेवलेला. बॉबिन खाली लोंबतात, त्यांच्याच वजनाने दोरे ताणलेले राहतात आणि अक्का तळवे वर करून, बोटांवर तोलून त्या फिरवतात. आम्ही चपट्या उशीवर तळवे खाली धरून सरकवतो. त्यांचा वेग आमच्या तिप्पट तरी असेल, बोलणंही चालू असतं. वेगापेक्षा मोठा फायदा निराळाच: खाका लोडाभोवती गुंडाळलेला असल्यामुळे पट्टी संपतच नाही, लोड फिरवत राहायचं. चपट्या उशीवर खालच्या कडेला पोचलं की सगळं काम टाचण्यांसकट उचलून वर न्यावं लागतं, आणि त्यात निदान एक जोडी गुंतल्याशिवाय राहात नाही. पदराची किनार किंवा टेबलक्लॉथ करायचा असेल तर या किटची उशी विसरा आणि लोड भरून घ्या. रुमाल, बुकमार्क, गोल नमुने यांना चपटीच बरी.

‘मंगळ बाजारात लेस वीस रुपये मीटर मिळते, मग हे कशाला?’ हे मी आमच्या घरातच तीनदा ऐकलंय. बरोबरच आहे. इंग्लंडमध्ये हीथकोटने १८०८-०९मध्ये जाळीचं यंत्र काढलं, १८१३मध्ये नॉटिंगहॅमला लीव्हर्सचं आलं, आणि हातलेसचा धंदा बसायला लागला. विकून किटचे पैसे काढू असा हिशोब कोणी करू नये. संध्याकाळी दोन तास बसलं तर हाती वीतभरही पट्टी येत नाही. माझ्या भाचीच्या मुलीच्या बोरन्हाणाच्या झबल्याला गळ्याची लेस केली, ती व्हायला दिवाळीपासून संक्रांत उजाडली. दोन तास मोबाइलला हात लागत नाही, हा नफा मी धरते. बाकी कोणी धरावा असा आग्रह नाही.

तर खरेदीचं सांगते. जमलं तर पूर्ण किट न घेता नुसत्या बॉबिन आणि पुस्तिका मिळतात का ते विक्रेत्याला विचारा, काहीजण देतात. उशी गावातल्या गादीवाल्याकडून, खोळ गडद निळ्या कापडाची, म्हणजे पांढरे दोरे नीट दिसतात आणि डोळे थकत नाहीत. टाचण्या वेगळ्या. बडोद्यातल्या कोणाला संखेड्याच्या बॉबिन हव्या असतील तर नवरात्राच्या आधी कळवा, सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर देऊ. त्यानंतर लग्नाच्या फर्निचरची कामं सुरू होतात आणि खराद्याला आपल्या काड्यांसाठी वेळ नसतो. मान कोरी ठेवायची हे मी पुन्हा सांगीनच, तुम्हीही सांगा.