बर्डिंगसाठी दुर्बीण: ८×४२ की १०×४२?
मावसभाऊ कधीपासून मागे लागलाय, आठची घेऊ की दहाची (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये). दुकानदार "जास्त झूम घ्या" म्हणणारच, ते सोड. एकाच सिरीजमधल्या घेतल्या तर किंमत, वजन जवळपास सारखंच. फरक हातात कळतो, दहात थरथर जास्त जाणवते आणि दिसतं पण कमी रुंद, म्हणजे सिंहगड व्हॅलीत झुडपात नाचण पक्षी दिसला म्हणून दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो गडी पुढच्या फांदीवर शेपटीचा पंखा करून मोकळा. पहाटेच्या अंधुक उजेडात पण आठच बरी, तिचा एक्झिट प्युपिल (डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी, जास्त तेवढं उजळ) ५.२५ मिमी, दहाचा ४.२. भिगवणला मात्र फ्लेमिंगो लांब पाण्यात, काठावरून दहाचीच मजा (होडीत बसलास की परत आठ). तर टेकड्या-झाडी फिरणार असशील तर ८×४२, तलावाकाठी ठिय्या मारणार असशील आणि हात स्थिर असेल तर १०×४२.