६४ चं लेबल ६० चं आलं म्हणून सापडलेलं दुकान

डोंबिवली पूर्वेला फडके रोडच्या मागच्या गल्लीत, तीन पायऱ्या उतरून जावं लागतं असं हे झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. बाहेरून बघितलं तर वाटतं पॅन कार्ड आणि लॅमिनेशन सोडून इथे काय होणार, मी स्वतः चार वर्षं समोरून भाजी घेऊन जात होते आणि एकदाही आत डोकावले नव्हते. रिव्ह्यू जरा मोठा होणारे, आधीच सांगते.

झालं असं की मी आणि सासूबाई घरून मेतकूट, भाजणी, चटण्या करून विकतो, दिवाळीत चकली-शंकरपाळे पण. लेबलं आधी हाताने लिहायचो, यंदा म्हटलं जरा नीट दिसू दे. भाचा न्यू जर्सीत असतो, त्याने हौसेने वर्डमध्ये फाईल बनवून पीडीएफ पाठवली, एका पानावर २४ लेबलं, तीन उभ्या रांगा आठ आडव्या ओळी, प्रत्येक लेबल ६४ बाय ३४ मिमी, लोगो वगैरे टाकून एकदम झकास. मी बाजारातून त्याच मापाचे तयार कापलेले स्टिकर शीट आणले आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात (हे दुकान नाही, दुसरं, नाव नको) दहा शीट रंगीत मारून आणले. घरी येऊन बघते तर मधली लेबलं ठीक आणि जसजसं वर किंवा खाली जावं तसतशी गडबड वाढत गेलेली, सगळ्यात वरच्या ओळीत मेतकूटचा 'मे' खालच्या स्टिकरवर उतरलेला. परत गेले तर तो म्हणाला फाईलच तशी आहे मॅडम. पैसे घेतलेच.

मग घरी मी आणि नवऱ्याने दोन रात्री घालवल्या. त्याने फोटो कोपऱ्यातून ओढून ओढून अंदाजाने मोठे केले, मग लेबल मोठं झालं पण दोन लेबलांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं, म्हणजे वेगळाच गोंधळ. मग कोणीतरी सांगितलं म्हणून प्रिंट करताना १०६ टक्के टाकून बघितलं तर कडेची रांग अर्धी कापली गेली. शेवटी आई म्हणाल्या अगं हातानेच लिहू, माझं अक्षर काय वाईट आहे का.

तर त्या रागात मी ह्या दुकानात शिरले. काउंटरला दादा बसतात, पन्नाशीचे असतील. त्यांनी फाईल उघडली पण नाही, आधी माझ्या हातातलं बिघडलेलं शीट घेतलं, ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि एक लेबल मोजलं. ६० मिमी. उंची ३२. म्हणाले, "ताई, ६४ चं ६० झालंय म्हणजे ९४ टक्क्यावर मारलंय. फाईल अमेरिकेतनं आलीय का?" मी बघतच राहिले, म्हटलं ह्यांना कसं कळलं!

तर ते असं. तिकडे कागद ए४ नसतो, लेटर असतो, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए४ २१० बाय २९७, म्हणजे रुंदीला थोडा कमी आणि उंचीला जास्त. वर्ड तिकडे लेटर साईझवरच उघडतं आणि भाच्याच्या ते डोक्यातच आलं नाही. आता ते पान ए४ वर 'फिट'वर टिक ठेवून मारलं की प्रिंटर म्हणतो मला कडेला चार-चार मिमी सोडायचेत, माझ्याकडे रुंदीला २०२ च आहेत, आणि सगळं पान त्यात बसेपर्यंत बारीक करतो. २०२ भागिले २१६, साधारण ९४ टक्के. आणि हे आकसणं पानाच्या मध्याकडे होतं म्हणून मधली लेबलं शहाण्यासारखी जागेवर राहतात आणि वरच्या-खालच्या टोकाला ८-८ मिमीची चूक साठते. ३४ मिमीच्या लेबलवर ८ मिमी म्हणजे पाव लेबल गेलं ना. दोन रात्री आम्ही ज्याच्याशी भांडत होतो ते ह्यांनी पट्टी लावून दोन मिनिटांत सांगितलं.

पीडीएफ बाजूला ठेवून त्यांनी वर्डची मूळ फाईल मागवली, भाच्याला तिकडे पहाटे उठवलं मी. मग पान ए४ केलं, टेबलच्या ओळींची उंची 'एक्झॅक्टली' ३४ मिमीला बांधून टाकली कारण नाहीतर चित्र जरा मोठं आलं की ओळ आपोआप फुगते. आणि वर्डच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये खाली कुठेतरी ए४ आणि लेटरमध्ये आपोआप स्केल करायची एक टिक असते, ती मुळातच चालू असते, ती काढली. ही टिक आहे हे मला पंधरा वर्षं वर्ड वापरून माहीत नव्हतं. मग पीडीएफ बनवून 'ॲक्च्युअल साईझ'वर प्रिंट.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्यांनी स्टिकर शीटला हातच लावला नाही. फाईलच्या कोपऱ्यात १० सेमीची एक बारीक रेघ ओढली, साध्या कागदावर एक प्रिंट मारली, रेघ पट्टीने मोजली, पूर्ण १० भरली. मग तो कागद स्टिकर शीटवर ठेवून दोन्ही ट्यूबलाईटसमोर धरले, कापाच्या रेषा पाठीमागून दिसतात तश्या. एक मिमी डावीकडे सरकत होतं, तेवढं मार्जिन हलवलं, परत साधा कागद, परत ट्यूबलाईट. तिसऱ्या खेपेला शीट घातलं आणि २४ च्या २४ चौकटीत. मी तिथेच टाळी वाजवली, मागे बोनाफाईडची झेरॉक्स काढायला उभा असलेला मुलगा हसायला लागला.

अजून एक गोष्ट त्यांनीच लक्षात आणून दिली. हिरवा शाकाहारी गोळा. पाकिटाची समोरची बाजू १०० चौरस सेमीच्या आत असेल तर त्या गोळ्याचा व्यास निदान ३ मिमी लागतो, आणि भाच्याने नेमका ३ च ठेवलेला, म्हणजे ९४ टक्क्याला तो २.८ झाला होता. कोण मोजणारे म्हणा, पण नियम तो नियम. त्यांनी साडेतीनचा करून ठेवला, म्हणाले काठावर कशाला राहायचं.

लोगो मी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तेव्हा मात्र ओरडा खाल्ला. व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं, पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लेबलवर लोगो १८ मिमीचा, त्याला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) सव्वादोनशे पिक्सेल पुष्कळ झाले, पण तोच लोगो मला स्टॉलच्या बोर्डावर ३० सेमीचा हवा होता, तिथे साडेतीन हजाराच्या वर लागतात. मी म्हटलं ओढून मोठा करा की, तर म्हणाले ओढून कापड मोठं होत नाही, विरतं. परत भाच्याला फोन.

आता तक्रारी पण लिहिते. दुपारी दीड ते चार बंद म्हणजे बंद, शटर अर्ध असलं तरी आत जाऊ नका. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे ॲडमिशनच्या दिवसात तासभर उभं राहावं लागतं आणि बसायला एक स्टूल, त्यावर कायम कागदाची रिमं. एकदा मी अर्ध वापरलेलं स्टिकर शीट परत मशीनमध्ये घाला म्हटलं तर चक्क नाही म्हणाले, तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं लेझर प्रिंटरमध्ये कागद तापतो, जिथून स्टिकर काढलेत तिथला डिंक आत चिकटला तर ड्रम जातो. पण बोलायची पद्धत जरा गोड असती तर काय बिघडलं असतं. आणि टायपिंग त्यांच्याकडून करून घेणार असाल तर डोळ्यात तेल घालून तपासा, आमच्या ४८ पाकिटांवर 'मेतकुट' गेलंय, आईंनी एकेक हेरून मला दाखवलं.

फाईल सरळ करायचे ५० रुपये आणि रंगीत शीटचे २० घेतले, शीट आपलं. साध्या कागदावरच्या चाचण्यांचे पैसे विचारले तर हातानेच नको म्हणाले. ती रेघवाली फाईल त्यांच्याकडे सेव्ह आहे, आता मी नुसता फोन करते, वीस मारून ठेवा म्हणून.

बिघडलेली दहा शीटं आईंनी फेकू दिली नाहीत. मधली मधली लेबलं कात्रीने कापून घरच्या डब्यांना लावलीत, त्यामुळे सध्या आमच्याकडे साखरेच्या डब्यावर पण मेतकूट लिहिलंय.