खोट्या अपडेटने माझे ८३,८५० रुपये नेले

तीन व्यवहार झाले: ४९,०००, २५,००० आणि ९,८५०. अकरा मिनिटांत ८३,८५० रुपये साफ. आणि मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही, हे आधीच सांगतो.

मेसेज होता, 'तुमच्या फोनचा सिक्युरिटी अपडेट बाकी आहे, आज न केल्यास बँकेचं ॲप बंद होईल.' खोटं वाटावं तर माझा अपडेट खरंच बाकी होता! 'नंतर' दाबत दाबत चौदा महिने काढले होते. चोरट्यांनी नेमकी तीच नस पकडली. लिंक दाबली, एपीके म्हणजे ॲपची फाइल उतरली, इन्स्टॉल झाली.

मग त्या 'अपडेट'ने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली. इथेच थांबायला हवं होतं. खरा अपडेट ही परवानगी कशाला मागेल? तो मेसेजमधून येतच नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये येतो. हे ॲप तुमची स्क्रीन वाचू शकेल, तुमच्या वतीने बटणं दाबू शकेल, असा इशारा फोनने दिला होता. मी तो वाचला. वाचूनही 'अनुमती द्या' दाबलं. अजून रात्री ते बटण डोळ्यांसमोर येतं. पुढे त्यांना ओटीपी विचारायची गरजच उरली नाही.

नंतर कळलं ते जास्त झोंबलं. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून, प्ले स्टोअरऐवजी बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी देऊ लागलो की फोन बहुधा अडवतो. माझ्या फोनला १३ कधीचं येऊन पडलं होतं. घेतलं नाही, कारण अपडेटने फोन स्लो होतो असं जो तो सांगायचा, आणि स्टोरेजही भरलेलं. फोटो उडवा, पण जागा करा!

बँकेत गेलो तर, 'परवानगी तुम्हीच दिलीत ना?' हे वाक्य तिघांनी ऐकवलं. पोलिसांकडे चार खेटे घातले. एकदा साहेब नाहीत, एकदा स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा, एकदा 'आधी बँकेचं पत्र'. बँक म्हणते, आधी पोलिसांची पोच. पैसे तोवर कुठल्या कुठे गेले असतील, याचं कुणालाच काही नाही. चोराला अकरा मिनिटं लागली, यांना साधा अर्ज घ्यायला नऊ दिवस!

असं झालंच तर आधी नेट तोडा, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. मी त्याच फोनवरून नंबर शोधत बसलो, तेवढ्यात ९,८५० गेले. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची, तारीख असते, ती आत्ता बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधलीही. कंपनीने पॅच देणं बंद केलेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका.

आज तेहतिसावा दिवस. तक्रारीपुढे अजून 'प्रक्रियेत' एवढंच लिहिलेलं आहे.