एआर कार्डं: हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरल्यानंतर

एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी) कार्ड म्हणजे फोनचा कॅमेरा धरला की पडद्यावर ज्याच्यावर त्रिमित आकृती किंवा व्हिडिओ दिसतो असं छापील कार्ड. हा अनुभव अशा दोन प्रकारच्या कार्डांचा आहे. पहिला म्हणजे खोक्यात मिळणारा तयार संच. त्यात प्राणी, इंग्रजी मुळाक्षरं आणि सूर्यमाला असते, सोबत एक अ‍ॅप. दुसरा छत्रपती संभाजीनगरात डिजिटल प्रेसवर छापून घेतलेला आठ कार्डांचा संच: कैलास लेणं, अजिंठ्यातलं चित्र, देवगिरी किल्ला, बीबी का मकबरा, पैठणी, हिमरू, औंढा नागनाथ आणि तेरचं त्रिविक्रम मंदिर. या दुसऱ्या संचाला अ‍ॅप लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की ब्राउझरमध्येच कॅमेरा उघडतो आणि कार्डावर त्रिमित मॉडेल किंवा व्हिडिओ उभा राहतो. मागे माइंडएआर ही मोफत, मुक्त स्रोत लायब्ररी (तयार सॉफ्टवेअर-संच) चालते. वापर वर्गात, घरी आणि प्रदर्शनाच्या टेबलावर, सगळीकडे झाला.

मत आधीच सांगून टाकलेलं बरं. चांगलं छापलेलं कार्ड साध्या फोनवरही चालतं. वाईट छापलेलं कार्ड महागड्या फोनलाही ओळखता येत नाही. लोक फोन बदलून बघतात, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, आणि दोष बहुतेक वेळा चित्रात नाहीतर लॅमिनेशनमध्ये निघतो.

फोन कार्डावर नेमकं काय शोधतो ते माहीत असलं की बाकी बरंच सोपं होतं. त्याला मकबरा कळत नाही आणि मोरही कळत नाही. तो चित्र करड्या छटांत बदलतो आणि जिथे उजेड-अंधाराचा ठळक कोपरा आहे असे बिंदू टिपतो. हे बिंदू आणि त्यांची एकमेकांतली मांडणी आधी साठवलेल्या चित्राशी जुळली की कार्ड किती लांब आहे आणि किती कललंय याचा हिशेब तो करतो. रंगाला इथे फारसं महत्त्व नाही. म्हणून कार्डाची काळी-पांढरी झेरॉक्सही चालते, फक्त तिच्यावर टोनरचे पट्टे नसावेत आणि काळा भाग गिचमिड झालेला नसावा. शाळेसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. रंगीत संच कपाटात ठेवा आणि पोरांच्या हातात झेरॉक्स द्या.

चित्र निवडताना सगळ्यात जास्त फसवते ती पैठणी. डोळ्यांना ती नक्षीने गच्च भरलेली दिसते, म्हणून वाटतं की फोनला भरपूर बिंदू मिळतील. बिंदू मिळतातही, पण काठावरची एक मुनिया (पोपटाची नक्षी) दुसरीसारखीच असते आणि बुट्टे तर हुबेहूब सारखे. कुठला बिंदू कुठला, हेच फोनला ठरवता येत नाही. मग मॉडेल एका बुट्ट्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतं किंवा उगवतच नाही. हिमरूचंही तसंच, कारण त्याची सगळी वीणच पुनरावृत्तीवर उभी आहे. यावर उपाय आहे. कापड सपाट पसरून फोटो घेऊ नका. पदराचा कोपरा घ्या, त्यात एखादा बांगडी मोर येऊ द्या, दोन-तीन चुण्या पडू द्या आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. चुणीमुळे नक्षी ठिकठिकाणी तुटते, सावल्या पडतात आणि प्रत्येक भाग वेगळा होतो. हाच बदल केल्यावर पैठणीचं कार्ड संचातल्या चांगल्या कार्डांत गणलं जाऊ लागलं.

मकबऱ्याचं दुखणं वेगळं. समोरून घेतलेल्या फोटोत पांढरा घुमट, फिकं आकाश आणि चार सारखे मिनार येतात. कॉन्ट्रास्ट कमी, त्यात अर्धं कार्ड रिकामं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, बाजूच्या कोनातून, झाडं आणि भिंतींच्या सावल्यांसह घेतलेला फोटो कितीतरी बरा चालतो. देवगिरीच्या फोटोत चांद मिनार आकाशात उभा असतो आणि सगळा तपशील खालच्या पट्टीत गोळा होतो. कार्ड हातात धरलं की अंगठे नेमके तिथेच येतात, बिंदू झाकले जातात आणि मॉडेल गायब होतं. बिंदू कार्डभर पसरलेले हवेत, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत साधारण दीड सेंटिमीटर जागा अंगठ्यांसाठी सोडायला हवी. कैलास लेण्याचा वरच्या कड्यावरून घेतलेला फोटो मात्र या कामासाठीच घेतल्यासारखा आहे: शिखर, प्रांगण, स्तंभ, कातळाच्या उभ्या भिंती, कुठलाही कोपरा दुसऱ्यासारखा नाही. अजिंठ्याच्या चित्रांत बारीक भेगांचं जाळं भरपूर असतं, पण फोन थोडा लांब गेला की ते पुसट होऊन जातं. तिथे फक्त भेगांवर विसंबू नका. चेहरा, मुकुट, हाताची मुद्रा अशा मोठ्या आकारांचा कॉन्ट्रास्ट वाढवा.

आणखी एक घोटाळा डिझायनर करतात. आठही कार्डांना एकच चौकट, एकच मथळा, एकाच जागी बोधचिन्ह. दिसायला संच छान दिसतो, पण फोनला सगळी कार्डं निम्मी सारखी वाटतात आणि तेरच्या कार्डावर औंढ्याचं मंदिर उभं राहतं. चौकट ठेवायची असेल तर ठेवा, पण ओळखीसाठी दिलेल्या चित्रातून ती कापून टाका. फक्त आतला फोटो द्या. त्या चित्राची लांब बाजू हजार पिक्सेलच्या आत असली तरी भागतं. अतिदाबलेली जेपीईजी मात्र नको, कारण दाबल्यावर पडणारे चौकोनी डाग फोनला खरेच कोपरे वाटतात.

चित्र तपासायला गूगलच्या एआरकोअरबरोबर (अँड्रॉइड फोनसाठीची एआर यंत्रणा) येणारं आर्कोरइमेज (arcoreimg) हे साधन उपयोगी आहे. ते प्रत्येक चित्राला 0 ते 100 गुण देतं आणि 75 किंवा जास्त गुण असावेत अशी शिफारस आहे. तुम्ही एआरकोअर वापरत नसलात तरी चित्र गाळायला हा आकडा कामी येतो. व्ह्यूफोरिया हे दुसरं एआर सॉफ्टवेअर त्यासाठी तारे देतं. पण पडद्यावर चांगले गुण मिळाले म्हणून छापल्यावरही तसंच चालेल असं नाही, आणि इथूनच प्रेसचा भाग सुरू होतो.

कार्ड ए6 घ्या, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटर. यापेक्षा लहान कार्डासाठी फोन फार जवळ न्यावा लागतो आणि मग कॅमेऱ्याचा फोकसच बसत नाही. ए6 पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून आरामात ओळखलं जातं. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) फाइल 1240 बाय 1748 पिक्सेलची होते. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना कडेला कोरी रेघ राहू नये म्हणून जास्तीचा छापलेला भाग) धरलं तर 13 बाय 19 इंची शीटवर आठ कार्डं बसतात. 12 बाय 18 वर ती थोडक्यात बसत नाहीत, म्हणून शीटचा आकार आधीच विचारून घ्या. प्रेसवाल्याला एक गोष्ट दोनदा सांगा: ‘फिट टू पेज’ करू नका. चित्र एका बाजूने जरी ताणलं गेलं तरी कार्ड ओळखलं जातं, पण मॉडेल तिरकं आणि डळमळीत बसतं. मग दोष सॉफ्टवेअरला जातो.

कागद 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आर्ट कार्ड. पातळ कागद हातात वाकतो, आणि फोनचा सगळा हिशेब कार्ड सपाट आहे असं धरूनच चालतो. लॅमिनेशन मॅटच हवं. ग्लॉसी कार्डावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडतो, त्याखालचे बिंदू नाहीसे होतात, आणि हात हलला की पट्टाही सरकतो. शिवाय लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूला केलं तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल धरते आणि कार्ड पापडासारखं वळतं. जूनअखेर एकतर्फी लॅमिनेशनची कार्डं टेबलावर सपाट राहिनात. दुतर्फी अजून सरळ आहेत. मॅटवर ओरखडे आणि तेलाचे डाग लवकर दिसतात हे खरं, पण त्यामुळे ओळखण्यात फारसा फरक पडत नाही.

लग्नपत्रिकेवर व्हिडिओ बसवण्याची हौस आता आपल्याकडेही आली आहे. तिथे सोनेरी फॉइलच्या गणपतीला ओळखचित्र करू नका. फॉइलची चमक कोनागणिक बदलते, त्यामुळे फोनला दर क्षणी वेगळंच चित्र दिसतं. साध्या शाईत छापलेला नवरा-नवरीचा फोटो घ्या आणि गणपती शेजारी ठेवा.

आता फोन. ब्राउझरमधल्या एआरला एआरकोअर लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा, कारण स्वस्त फोनपैकी बरेच एआरकोअरच्या यादीत नसतात. पण त्याची किंमतही मोजावी लागते. कार्ड कॅमेऱ्याबाहेर गेलं की मॉडेलही जातं. एआरकोअर मात्र आजूबाजूची जागा लक्षात ठेवून मॉडेल तिथेच टिकवू शकतं. अनेक लेन्सच्या फोनवर ब्राउझर कधी कधी चुकीचा मागचा कॅमेरा उघडतो, तोही फोकस न बदलणारा, आणि सगळं धूसर दिसतं. पानावर कॅमेरा बदलायचं बटण ठेवलं की निम्म्या तक्रारी थांबतात. दुवा एखाद्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडला तर कॅमेऱ्याची परवानगीच न मागण्याचा प्रकार होतो. तिथून ‘क्रोममध्ये उघडा’ म्हणावं. मॉडेल थरथरत असेल तर माइंडएआरमध्ये फिल्टर-मिन-सीएफ ही सेटिंग कमी करायची (मूळ किंमत 0.001), मॉडेल कार्डामागे रेंगाळत येत असेल तर फिल्टर-बीटा ही सेटिंग वाढवायची (मूळ किंमत 1000). दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

नेटबाबत गावाकडे एक युक्ती हमखास सुचते: लॅपटॉपवर पान ठेवायचं आणि हॉटस्पॉटवरून फोनला द्यायचं. हे चालत नाही. पत्ता एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचा) नसेल तर ब्राउझर कॅमेरा उघडूच देत नाही. पान नेटवर गिटहब पेजेससारख्या फुकट होस्टिंगच्या ठिकाणी ठेवा, तिथे एचटीटीपीएस फुकट मिळतं, आणि सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) लावून सगळ्या फाइली फोनमध्ये साठवून घ्या. रेंज असलेल्या ठिकाणी प्रत्येक फोनवर पान एकदा पूर्ण उघडलं की पुढे वर्गात नेट नसलं तरी चालतं. त्यासाठी वजन आवरावं लागतं. प्रत्येक जीएलबी मॉडेल (त्रिमित मॉडेलची फाइल) पाच एमबीच्या आत, टेक्स्चर म्हणजे त्यावर चढवलेलं चित्र 1024 बाय 1024 पिक्सेल, मॉडेल ज्यांनी बनतं ते त्रिकोण पन्नास हजारांच्या आत. व्हिडिओ एच.264 या प्रकारात ठेवा आणि आवाज बंद ठेवूनच सुरू करा, कारण आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ब्राउझर अडवतो. आवाजासाठी एक बटण द्या.

मराठी अक्षरांचा त्रास वेगळाच. त्रिमित मजकूर तयार करणारी बरीच साधनं देवनागरीची जुळणी करत नाहीत. ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क च्या मागे जाऊन पडते आणि ल्ल चा पाय मोडतो. तासन्‌तास फाँट बदलून काही होत नाही. नाव साध्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, पारदर्शक पीएनजी काढा आणि ती मॉडेलशेजारी सपाट पाटीसारखी उभी करा.

ऊन हा मराठवाड्यापुरता मोठा मुद्दा आहे. कॅमेरा, ग्राफिक्स आणि पूर्ण उजेडातला पडदा हे तिन्ही एकदम चालतं, म्हणून फोन एरवीही तापतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत काही मिनिटांतच तो पडद्याचा उजेड आणि प्रोसेसरचा वेग कमी करतो. मॉडेल अडखळायला लागतं. फोनचं कव्हर काढा, चार्जिंगला लावून वापरू नका, एका गटाला पाच-सात मिनिटं द्या आणि फोन पाळीपाळीने बदला. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते हे इथे पथ्यावर पडतं. उघड्या उन्हात पडदा दिसत नाही आणि कार्डही पांढरं पडतं; अंधाऱ्या खोलीत, त्यातून लाइट गेलेली असली तर, कॅमेऱ्याचं शटर मंदावतं आणि हात जरा हलला की चित्र फराटतं. सगळ्यात चांगली जागा खिडकीजवळची सावली. कार्ड हातात देण्यापेक्षा बाकावर ठेवा आणि फोन मुलांना फिरवू द्या.

तयार संचाबद्दल थोडक्यात. मॉडेलं गुळगुळीत आहेत, हालचाल सुंदर आहे आणि लहान मुलं खूश होतात. पण अ‍ॅप जड आहे, खोक्यातला कोड ठरावीक फोनवरच चालतो आणि मराठीचा पत्ता नाही. खरा धोका पुढचा आहे. अ‍ॅप किंवा त्यामागची सेवा बंद झाली की कार्डं नुसती चित्रं उरतात. ऑरास्मा ही एआर सेवा, जी पुढे एचपी रिव्हील झाली, 2020 मध्ये बंद पडली. मेटा स्पार्क या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या एआर साधनावर बाहेरच्यांनी केलेले इफेक्ट 14 जानेवारी 2025 ला गेले. घेण्याआधी प्ले स्टोअरवर अ‍ॅप शेवटचं कधी अद्ययावत झालं ते बघा. वर्ष-दीड वर्ष हात लागलेला नसेल तर नव्या अँड्रॉइडवर ते दिसेलच असं नाही.

छापलेल्या क्यूआरचंही हेच आहे, तो नंतर बदलता येत नाही. म्हणून त्यात स्वतःच्या नावाच्या डोमेनचा छोटा पत्ता घाला आणि तो पत्ता आतून हव्या त्या पानाकडे वळवा. होस्टिंग बदललं तरी कार्डं चालू राहतात. फक्त डोमेनचं दरवर्षीचं नूतनीकरण कुणा एकाच्या अंगावर ठेवा. आठही कार्डांना एकच क्यूआर पुरतो, कारण कुठलं कार्ड आहे ते पान स्वतःच ओळखतं. तो मागच्या बाजूला, किमान दोन सेंटिमीटरचा, भोवती कोडातल्या चार लहान चौकोनांएवढी कोरी जागा सोडून छापा. उरलेल्या मागच्या जागेत त्या स्थळाची माहिती द्या, म्हणजे फोन नसलेल्या पोरालाही कार्ड वाचता येतं. आणि पहिल्या खेपेला एकच शीट काढा, त्यावर मॅट लॅमिनेशन करून, कापून, तीन-चार वेगवेगळ्या स्वस्त फोनवर ट्यूबलाइटखाली तपासा. मग पुढची शंभर शीटं सांगा.