शेळीच्या मानेतला प्रवाह: डॉपलर की फ्लो प्रोब?

शेळीच्या कॅरोटिड धमनीतला (मानेतून डोक्याकडे रक्त नेणारी धमनी) प्रवाह मोजायचाय. बाहेरून डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारा अल्ट्रासाऊंड) लावायचा की शस्त्रक्रिया करून धमनीभोवती ट्रान्झिट-टाइम फ्लो प्रोब (ध्वनिलहरींना लागणाऱ्या वेळेवरून प्रवाह मोजणारं कडं) बसवायचा? नाशिकजवळच्या गोठ्यात संगमनेरी शेळ्यांवर मी दोन्ही करून पाहिलंय.

नुसता आकडा हवा असेल तर फ्लो प्रोबला तोड नाही. मिनिटाला किती मिली, ते थेट मिळतं. कोनाची भानगड नाही. डॉपलरमध्ये ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. तिथे ५ अंशांची चूक झाली तरी वेग साधारण १५ टक्क्यांनी चुकतो. शिवाय प्रवाह काढायला वेगाला धमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं; ५ मिलिमीटर व्यासाची धमनी ५.५ मोजली तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी फुगतं.

तरीही मी डॉपलरकडे वळलो, ते वायरमुळे. प्रोबची वायर मानेच्या कातडीतून बाहेर काढावी लागते. आम्ही ती पट्टीत गुंडाळून पाठीवर बांधली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर शेजारच्या शेळीने पट्टी सोडवून वायर चघळून ठेवलेली. मग प्रोबवाल्या शेळीला वेगळं बांधलं, तर दिवसभर ओरडायची, चाऱ्याला तोंड लावेना. अशा घाबरलेल्या जनावराचा प्रवाह कितीही अचूक मोजला, तरी तो तिचा रोजचा प्रवाह नव्हे.

डॉपलरला मान भादरायची, जेल लावायचं, शेळी निवांत होईपर्यंत थांबायचं. ती रवंथ करायला लागली की घास वर येताना मान हलते आणि आलेख तुटतो. अन्ननलिका मानेत डावीकडे असते, म्हणून शक्यतो उजवी धमनी घ्या. माझा निम्मा वैताग तिथेच संपला.

शिवाय मला प्रवाहाची ढब बघायची होती. आलेखाच्या कडेखाली स्वच्छ काळी जागा दिसली की रक्त एका वेगाने सरकतंय. ती भरून आली की खळबळ आहे. फ्लो प्रोबच्या एका रेषेत हे उमटत नाही. रेझिस्टिव्ह इंडेक्स (पुढच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा दाखवणारा आकडा) काढायचा असेल तर कोनाची चिंताही उरत नाही, कारण वेगांच्या गुणोत्तरात तो कटतो.

भूल देऊन, एकाच बैठकीत औषधाचा परिणाम मोजायचा असेल, तर कदाचित मीही प्रोबच घेईन. एरवी डॉपलरवर दिवसाला चार शेळ्या होतात आणि संध्याकाळी चौघीही कळपात परत.