व्हिआंदेनचे उदंचन जलविद्युत केंद्र: विनामूल्य प्रेक्षक-दालनाचा परिचय

लक्झेंबर्गच्या ईशान्येला, जर्मनीच्या सीमेला चिकटून असलेल्या व्हिआंदेन गावी जाणारे बहुतेक पर्यटक टेकडीवरचा किल्ला पाहतात, नदीकाठी कॉफी घेतात आणि परततात. त्याच गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात युरोपातील मोठ्या उदंचन (म्हणजे पाणी खाली सोडून वीज करायची आणि तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचे अशा पद्धतीच्या) जलविद्युत केंद्रांपैकी एक केंद्र आहे आणि त्याचे प्रेक्षक-दालन सर्वांना विनामूल्य खुले आहे, ही गोष्ट प्रवासाच्या याद्यांमध्ये क्वचितच आढळते. विजेच्या विषयात थोडा जरी रस असेल, तर किल्ल्याआधी हे दालन पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोगद्यातून आत चालत गेल्यावर काचेपलीकडे भूमिगत विद्युतगृह दिसते. खडक कोरून काढलेली ही गुहा तीनशे मीटरहून अधिक लांब असून तिच्यात नऊ यंत्रसंच एका रांगेत आडवे मांडलेले आहेत. प्रत्येक संचात एकाच आडव्या अक्षावर टर्बाइन, मधोमध जनित्र आणि दुसऱ्या बाजूला पंप अशी रचना आहे. वीज हवी असेल तेव्हा वरून येणारे पाणी टर्बाइन फिरवते आणि जनित्र वीज देते; विजेची मागणी घटली की तेच जनित्र ग्रिडमधून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून, वीज घेऊन मोटर म्हणून चालते आणि पंपाद्वारे पाणी पुन्हा डोंगरमाथ्यावर चढवते. पुस्तकातील आकृतीवरून कळायला कठीण जाणारी ही दुहेरी भूमिका यंत्रांची रांग डोळ्यांसमोर आली की लगेच उलगडते, कारण टर्बाइन कुठे संपते आणि पंप कुठे सुरू होतो हे बोटाने दाखवता येते. नंतर वाढवलेले दोन संच वेगळ्या जातीचे, म्हणजे एकच चाक दोन्ही दिशांना फिरवणारे आहेत. त्यांपैकी दहावा 1970च्या दशकातला आणि अकरावा त्यानंतर चाळीसएक वर्षांनी आलेला आहे. सर्व संच मिळून क्षमता सुमारे 1,300 मेगावॉट भरते.

हा आकडा वाचून थबकायला हवे. जेमतेम पावणेसात लाख वस्तीच्या या देशाची विजेची कमाल मागणीसुद्धा याहून कमी असते. तरीही लक्झेंबर्ग आपल्या विजेचा बराच मोठा भाग शेजारी देशांकडून विकत घेतो, आणि हे केंद्र जोडलेले आहे ते जर्मनीच्या उच्चदाब ग्रिडला. केंद्र चालवणाऱ्या कंपनीत लक्झेंबर्ग सरकार आणि आरडब्ल्यूई ही जर्मन वीजकंपनी हे दोन मोठे भागीदार आहेत. 1964 साली केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा जर्मनीतील कोळशाच्या केंद्रांची रात्रीची फालतू वीज वापरून पाणी वर चढवायचे आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ते खाली सोडायचे, असा सरळ व्यवहार होता. आता तिकडे सौर आणि पवनऊर्जा वाढल्यामुळे भर दुपारीही पंप चालवण्याची वेळ येते. वर चढवण्यासाठी चार युनिट खर्ची पडली, तर परत मिळतात ती साधारण तीन. म्हणजे देशातील सर्वांत मोठे ‘वीज केंद्र’ जमाखर्चाच्या वहीत कायम तोट्यातच दिसणार; त्याची किंमत युनिटांत नसून वेळेत आहे. दालनात जाण्यापूर्वी एवढे डोक्यात पक्के असावे, नाहीतर यंत्रांच्या भव्यतेने दिपून ‘एवढ्याशा देशात केवढी वीज तयार होते’ असा अगदी उलटा समज करून घेऊन माणूस बाहेर पडतो.

स्वतःची वीजनिर्मिती म्हणावी, तर लक्झेंबर्गकडे उत्तरेच्या पठारावरच्या पवनचक्क्या, छपरांवरचे सौर पॅनेल, जैववायू आणि मोझेल व सूर नद्यांवरची छोटी जलविद्युत केंद्रे असा मुख्यतः संसार आहे. एश-सुर-अल्झेट येथे 2002 साली सुरू झालेले नैसर्गिक वायूचे मोठे केंद्र 2016 मध्ये बंद झाले. त्याआधी, 1970च्या दशकात, मोझेलकाठी रेमेरशेन येथे अणुविद्युत केंद्र उभारण्याचा बेत लोकांच्या विरोधामुळे बारगळला. पुढे फ्रान्सने त्याच नदीच्या काठी, सीमेपासून हाकेच्या अंतरावर, कातेनोंचे चार अणुभट्ट्यांचे केंद्र उभे केले आणि ते बंद करावे असा आग्रह लक्झेंबर्ग सरकार वर्षानुवर्षे धरत आले आहे. छोट्या देशाचे ऊर्जाधोरण त्याच्या हद्दीत किती आणि हद्दीबाहेर किती ठरते, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

दालनाबरोबरच निकोलसबर्ग टेकडीवरचा वरचा जलाशय पाहिल्याशिवाय परतू नये. खरे तर भेटीचा अर्धा भाग तोच आहे. तेथे नदी नाही, ओढा नाही. डोंगरमाथ्यावर गोलाकार बांध घालून केलेला हा कृत्रिम जलाशय केवळ खालून चढवलेल्या पाण्यावर भरतो. बांधाच्या आतल्या डांबरी उतारावर ओल्या आणि कोरड्या भागांमधली काळी रेघ स्पष्ट दिसते, आणि पाणी किती उतरले आहे याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. जवळपास तीनशे मीटर खाली उर नदी अडवून केलेला निम्न जलाशय आहे. वरचे सुमारे सत्तर लाख घनमीटर पाणी पूर्ण क्षमतेने सोडले, तर चारएक तासांत संपते. अकोले तालुक्यातील घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तत्त्व नवे वाटणार नाही. फरक असा की घाटघरला सह्याद्रीचा कडा आयता मिळाला आहे आणि येथे मध्यम उंचीच्या टेकड्यांमधून हवी ती उंची निगुतीने काढावी लागली आहे.

प्रवासाचा खर्च जवळजवळ नाहीच. 2020 पासून देशभरातील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांना मोफत आहे. व्हिआंदेनला रेल्वे नाही; एटेलब्रुकपर्यंत किंवा डिकिर्शपर्यंत गाडीने यावे आणि पुढे बस घ्यावी. बोगद्यात उन्हाळ्यातही गारवा असतो, तेव्हा स्वेटर जवळ असू द्यावा. गावातील खुर्च्यांचा रोपवे किल्ल्याच्या वरच्या अंगाला नेतो, जलाशयाकडे नव्हे. तिकडे जायला स्वतःचे वाहन किंवा चढ चालण्याची तयारी हवी. यंत्रांच्या मध्ये उतरता येत नाही, सारे काचेआडूनच पाहायचे असते, त्यामुळे अगदी लहान मुले लवकर कंटाळतील. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना मात्र अवश्य न्यावे, आणि शक्य असल्यास आधी जलाशय, मग विद्युतगृह, असा पाण्याच्याच वाटेने क्रम ठेवावा.